चावीला तिकडं काय म्हणतात

नामदेव, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "शेवटी जवळ कोण होतं?"

पलीकडून तुझी लेक सुनीता बोलत होती. ती रडत रडतच म्हणाली, "मीच होते, काका." त्यावर मी विचारलं, "आणखी कोण?" मग औषध कुणी दिलं, किती वाजता दिलं, डॉक्टर कधी येऊन गेले. ती पोर एकेक उत्तर देत गेली. फोन ठेवला तर शालन, माझी बायको, माझ्याकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "आवं, माणूस गेलंय. पंचनामा कसला करताय?"

काय करू सांग. उभा जन्म पोलिसात गेला. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण डोकं काही निवृत्त झालं नाही. तुझ्या मातीला आलो तेव्हाही मी लोकांचे चेहरे वाचत होतो. कोण खरं रडतंय, कोण नुसता रुमाल लावून उभा आहे. शेजारी उभा असलेला एक जण मला म्हणाला, "तुमची त्यांची ओळख मिलिट्रीतली का?" मी म्हणालो, "नाही, मिरजेतलीच. जुनी आहे." आणि जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. पुढचा प्रश्न "ओळख कशी झाली" हाच असणार, हे मला ठाऊक होतं.

ती कशी झाली, ते आज लिहून काढतो. तुला ठाऊक आहेच. पण गेल्या महिन्यापर्यंत आपण दोघं त्यावर कधी सरळ बोललो नाही.

तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतल्या एका कारागिराचा जुना तानपुरा नाहीसा झाला होता. खोलीला कुलूप होतं आणि ते शाबूत होतं. दार फोडलेलं नव्हतं, कडी वाकलेली नव्हती. मालकानं सांगितलं की महिन्याभरापूर्वी त्या कुलपाची दुसरी चावी करून घेतली होती. कुणाकडून, तर कोपऱ्यावरच्या टपरीतल्या चावीवाल्याकडून. माझ्या दृष्टीनं तपास तिथंच संपला. दुपारी मी तुला टपरीवरून उचलला. तू कानस खाली ठेवलीस, हात पुसलेस, म्हणालास, "सायेब, टपरी बंद करू द्या." मी तेही करू दिलं नाही.

चौकीत तुझी झडती घेतली तेव्हा खिशात एक लहान वही सापडली. बाकी पानांवर चाव्यांचे नंबर, गिऱ्हाइकांची नावं. मधल्या एका पानावर मात्र नुसते शब्द, एकाखाली एक: शावी. कियावे. यावे. क्ले. केये. मी ते वाचले आणि मला आनंद झाला, नामदेव. खोटं कशाला बोलू? चोरांच्या टोळ्यांची आपसातली बोली असते, ती आम्ही ऐकलेली असते. मला वाटलं, मोठं घबाड लागलं हाताला.

"ही कुठल्या टोळीची भाषा?"

"सायेब, टोळीची न्हाई. चावीची हाय."

"कसली चावी?"

"चावीच. तिकडल्या देशांत चावीला असं म्हणत्यात. मी लिवून घेतो."

"कशाला लिहून घेतोस?"

तू वहीकडं पाहिलंस. मग म्हणालास, "नाद हाय."

नाद आहे! असलं उत्तर मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. चावीवाला माणूस, अर्थ न लागणारे शब्द, आणि कारण विचारलं तर नाद. मी परत विचारलं, तू परत तेच सांगितलंस. तिसऱ्यांदा विचारताना माझ्या हातात काठी होती. चौथ्यांदा तू "सायेब, खरंच चावी" असं म्हणालास आणि मी ती उजव्या खांद्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. तू ओरडला नाहीस. डाव्या हातानं खांदा धरून खाली बसलास, इतकंच.

तुला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. फोटो काढला, गळ्याच्या बुडाचं आडवं हाड मोडलेलं. त्यांनी विचारलं, "कसं झालं?" विचारताना त्यांनी माझ्या वर्दीकडं पाहिलं, मला ते कळलं. तू म्हणालास, "सायकलवरनं पडलो."

तिसऱ्या दिवशी तानपुरा सापडला. मालकाच्या थोरल्या भावानं तो नवी खुंटी बसवायला म्हणून दुसऱ्या कारागिराकडं नेऊन ठेवला होता आणि घरात सांगायचं विसरला होता. म्हणजे चोरी झालीच नव्हती. नसलेल्या चोरीसाठी मी तुझं हाड मोडलं होतं.

मग मी तुझ्या तक्रारीची वाट बघत बसलो. तू माजी सैनिक होतास, हे मला नंतर कळलं. एक अर्ज केला असतास तर माझी नोकरी गेली असती. आठवडा गेला, महिना गेला, अर्ज आला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. मला झोप लागेना. ज्याच्याकडं माझ्याविरुद्ध एवढं आहे, तो गप्प का? हा कशाची वाट बघतोय?

म्हणून मी तुझ्या टपरीवर यायला लागलो. लोकांना वाटलं, हवालदाराला पश्चात्ताप झालाय. मी पाळत ठेवत होतो. तुझा उजवा हात गळ्यात बांधलेला. तुझी बायको, हिरावहिनी, चावी पकडीत धरून बसायची आणि तू डाव्या हातानं कानस चालवायचास. मी आलो की तू शेजारच्या हॉटेलात चहा सांगायचास. वहिनी उठून घराकडं जायच्या. त्या पुढं वीस वर्षं जगल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खरं सांगू, त्या घरात मला त्या एकट्याच समजायच्या. तुझं काही समजायचं नाही.

एका सकाळी मी तुला विचारलं, "त्या वहीतले शब्द आले कुठनं?"

तू तर खूश झालास. मोडलेल्या हाडासकट खूश झालास. म्हसवडकडचा तुझा गाव, मेंढरांमागं फिरणारं घर, तिथनं तू पलटणीत गेलास, गाड्या-यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये लागलास आणि शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेलास, हे सगळं मला तेव्हा कळलं. "तितं आमचं गोडाऊन हुतं, हवालदार. सैपाकाला एक तितलीच बाई हुती. एक दिस ती दारात हुबी ऱ्हाऊन हात पुढं करून वरडाय लागली, शावी, शावी! मी आपली खिशातनं चावी काढली आन् दिली की तिला. तिनं दार उघडलं, तांदूळ घेतलं, चावी माज्या हातात परत. आन् मग माज्या ध्येनात आलं. आयला, हिला मराठी कसं येतंय?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय, रातभर डोस्कं चाललं न्हाई. ही बाई आमच्या सातारकडली हाय का काय! दुसऱ्या दिवशी सायबाला इचारलं. तो म्हनला, अरे, पोर्तुगीज आपल्याकडं गोव्यात आलं तसं हितंबी आलं हुतं. शब्द त्येंचा. ती आन् आपन, दोगंबी उसनाच वापरतोय."

शेजारच्या छावणीत इटलीचे शिपाई होते. तू त्यांना चावी दाखवून विचारलंस. ते म्हणाले, कियावे. तिथनं तुला नाद लागला. मिरजेत येऊन तू टपरी टाकलीस ती नेमकी वाद्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. परदेशातनं सतार घ्यायला, शिकायला माणसं येतात, त्यांच्या पेट्यांच्या चाव्या हरवतात, ती तुझ्याकडं येणार. आलेल्याला तू आधी चावी करून द्यायचास, मग विचारायचास. स्पेनची एक बाई म्हणाली, यावे. एक फ्रेंच म्हातारा म्हणाला, क्ले. रुमानियाचा एक जण तबला शिकत होता, तो म्हणाला, केये.

मला पटलं नाही. मी आपला तपास केला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मिरज स्टेशनवर ड्यूटी होती तेव्हा एक गोरा प्रवासी पकडला. देश विचारला, फ्रान्स म्हणाला. मी बेडीची चावी काढून त्याच्या तोंडापुढं धरली आणि म्हणालो, "नेम? युवर लँग्वेज, नेम?" त्याचा चेहरा पांढराफटक झाला. बिचाऱ्याला वाटलं, त्याला अटक होतेय. पण म्हणाला, "क्ले." मी सलाम ठोकला आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

त्या दिवशी ड्यूटीवरनं परत येताना मला एक गोष्ट कळली आणि मी रस्त्यात थांबलो. आमच्या कामात साक्षीदारांचा एक नियम असतो. पाच जण शब्दाला शब्द लावून एकच बोलले तर समजायचं, कुणीतरी पढवलेत. पण पाच जण थोडं इकडंतिकडं करत तीच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी असते. शावी, यावे, कियावे, केये, क्ले. पाच साक्षीदार, पाच देशांचे, थोडे इकडंतिकडं. माझ्याच नियमानं ती वही खरी होती. चौकीत माझ्या डोळ्यांपुढं उघडी होती.

हाड जुळून आलं तेव्हा तू शेवटचं दाखवायला दवाखान्यात गेलास. तिथल्या कागदावर हाडाचं इंग्रजी नाव लिहिलं होतं, क्लॅविकल. तुझ्या नजरेतनं ते कसं सुटणार? तू त्या तरुण डॉक्टरांना विचारलंस. ते म्हणाले, हे लॅटिन आहे, जुन्या रोमन लोकांची भाषा. त्यांच्याकडं चावीला क्लाविस म्हणायचे, तिच्यापासनं हे नाव आलं, म्हणजे लहानशी चावी. तू तसाच टपरीवर आलास. मी बसलोच होतो. तू धापा टाकत म्हणालास, "हवालदार, घावली! समद्यांची आय घावली. क्लाविस. शावी, कियावे, समद्या तिच्याच लेकी." आणि मग हसत खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "आन् तुमी माजी बारकी चावी मोडली की वं!"

मी उठलो आणि निघून गेलो. दोन महिने आलो नाही. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी आता हा बोलला. टोमणा मारला. आता पुढं मागणी येणार. आज वाटतं, तो टोमणा नव्हता. आज असंही वाटतं, की थोडा होता. तू असतास तर विचारलं असतं. म्हणजे, विचारलं नसतंच.

दोन महिन्यांनी आलो तर तू चहा सांगितलास आणि काही झालंच नाही असं वहीचं पान पुढं केलंस. मग आपला तो वाद सुरू झाला. माझं म्हणणं, किल्ली हा आपला शब्द. आमच्या कराडकडं माझी आई किल्लीच म्हणायची. चावी बाहेरनं आलेली, तिच्यावर भरवसा ठेवू नये. तू म्हणायचास, पलीकडं कानडी मुलखात कीली म्हणतात, मग तुमच्या किल्लीची तरी काय खात्री? मी म्हणायचो, ती शेजारची आहे, ओळखीची आहे. चावी समुद्रावरनं आली.

"चारशे वर्सं झाली तिला येऊन," तू एकदा म्हणालास. "चारशे वर्सं घरात ऱ्हाती, दारं उगडती, लावती. आजून तुमी तिला कुठनं आली म्हनून इचारताय. कवा थांबनार तुमी?"

मी म्हणालो, "तपास चालू आहे." तू खूप हसलास. मी विनोदानं बोललो नव्हतो.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत फ्लॅट घेतला. दाराला ओढलं की बंद होणारं लॅच. एक दिवस सकाळी मी फिरायला गेलो, चावी आतच राहिली. परत आलो, बेल वाजवली, शालन दार उघडेना. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिला साखरेचा त्रास, तू जाणतोसच. शेजारी म्हणाले, दार फोडू. मी खांदा लावायला निघालो, तर ती दाराशेजारीच पडली असेल आणि दार तिच्या अंगावर गेलं तर, या विचारानं मागं सरलो. मी तुला फोन केला. मिरज ते सांगली तू स्कूटरवर किती वेळात आलास, देव जाणे. पायात चपलाही नव्हत्या.

तू गुडघ्यावर बसलास. दोन पात्या घातल्यास, कान दाराला लावलास, आणि मोजून तीन-चार मिनिटांत लॅच सुटलं. पण तू दार ढकललं नाहीस. बोटभर फट केलीस आणि लगेच उठून पाठ फिरवलीस. म्हणालास, "तुमी एकलं आत जावा. वैनी कशा आसतील, काय आसतील." शेजाऱ्यांनाही तू हात आडवा करून थांबवलंस. शालन न्हाणीतनं बाहेर येता येता पडली होती. अंगावर लुगडं धड नव्हतं. मी चादर टाकली, साखर चारली, हाक मारली, तेव्हा कुठं तू आत आलास.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते. पुढच्या आठवड्यात मी ते लॅच बदललं. तू ते तीन मिनिटांत उघडलंस, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. जिनं तुझ्यामुळं डोळे उघडले त्या शालनला मी कारण सांगितलं, "जुनं झालं होतं." नवीन कुलूप तुझ्याकडनं घेतलं नाही, साताऱ्याला लग्नाला गेलो होतो तिथनं आणलं, म्हणजे तुला कळू नये. महिन्यानं तू शालनला बघायला आलास. पेरू घेऊन आला होतास. दारात थांबलास, कुलपाकडं पाहिलंस, त्याच्यावरनं अंगठा फिरवलास. तू म्हणालास, "कुलूप चांगलं हाय. वर्सातनं एकदा तेल घालत जावा." आणि आत येऊन बसलास. त्या दिवशी तू वहीची गोष्ट काढली नाहीस. लवकर गेलास.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. माफी मागायची, हाडाची आणि कुलपाची. तू पार सुकला होतास. सुनीता डबा आणायला खाली गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि माझ्या तोंडातनं पुन्हा प्रश्नच निघाला.

"नामदेव, तेव्हा डॉक्टरला सायकलवरनं पडलो असं का सांगितलंस?"

तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "भ्यालो हुतो, हवालदार. दुसरं काय?"

"आणि अर्ज का केला नाहीस?"

"त्येबी भ्यूनच. तुमी रोज टपरीवर यायचा. घरात बायको, पोरगी. काय करनार?"

एवढी वर्षं मी काय काय रचलं होतं. हा डाव टाकतोय. हा मला ऋणात ठेवतोय. कधी कधी तर, हा संत माणूस आहे, यानं मला क्षमा केली, असंही रचलं होतं, कारण त्यात मला सोय होती. आणि तू नुसता घाबरला होतास. मी तुझ्यासमोर बसून रोज तुझा चहा पीत होतो आणि तू घाबरला होतास.

"मग चहा का पाजत होतास?" मी विचारलं.

"पैलं वरीसभर भ्यूनच पाजला," तू म्हणालास. "मग सवय पडली. मग तुमी दोन दिस आला न्हाई का चुकल्यावानी व्हायचं. आता कवापास्नं काय, त्ये मला सांगता याचं न्हाई."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदलायला. मग सुनीता डबा घेऊन आली. मी "येतो" म्हणालो आणि उठलो. तू हात वर केलास, तो उजवाच होता. खांद्याच्या वर जात नव्हता. तो कधीच गेला नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रोज बघणारा मी, पाळत ठेवणारा मी.

काल तुझ्या घरी गेलो होतो. दिवसकार्य उरकलं होतं, पाहुणे गेले होते. सुनीतानं चहा केला. माझ्यापुढं कप ठेवून म्हणाली, "आबा तुमची लय आठवण काढायचे, काका. सायकलवरनं पडले तेव्हा तुम्हीच दवाखान्यात नेलं होतं म्हणून सांगायचे."

तू तिलाही तेच सांगितलं होतंस. वहिनींनीही तिला काही कळू दिलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि तिला सांगितलं. तानपुरा, चौकी, काठी, सगळं. कमी करून सांगितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, शेवटपर्यंत. मग तिनं विचारलं, "मारताना तुम्ही त्यांना काय विचारत होता?"

"वहीतल्या शब्दांचा अर्थ विचारत होतो."

"आणि ते काय सांगत होते?"

"खरं तेच सांगत होते."

ती उठली. माझ्यापुढचा चहा अर्धा होता, तो तिनं उचलून आत नेला. मी थोडा वेळ बसलो. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी बाहेर येऊन चपला घातल्या, "येतो गं" म्हणालो. ती दारापर्यंत आली नाही, "या" म्हणाली नाही.

बरोबर केलं तिनं, नामदेव. वहिनींनंतर तुझ्या घरात कुणीतरी माझ्याशी असं वागायला हवंच होतं.